मुदतकाका आणि पुढची दोन चाके

जव्हारच्या मुदतकाकांनी आयुष्यात एकदा तरी मुदत मोडली होती का, हा प्रश्न मला या लेखात सोडवायचा आहे. जव्हारच्या एस.टी. स्टँडसमोर चहा पिणाऱ्यांचे या बाबतीत आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मोडली. मोखाड्याच्या बाजूला ती बोअरची गाडी होती, तेव्हा मोडली. दुसरा तट म्हणतो, शक्यच नाही, आणि पुरावा म्हणून दोन चाकांचा हवाला देतो. गंमत अशी की दोन्हीकडच्या बहुतेकांनी ती गाडी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. ती दोन चाके माझ्याच वर्गात ठेवली होती. तरी "मी पाहिले, म्हणजे खरे" असे म्हणणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून आधी काका कोण होते ते सांगतो आणि मग चाकांकडे येतो.

काका परराज्यांतल्या मालवाहू गाड्यांचे तात्पुरते परवाने काढून देत. हा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. काही ट्रकांजवळ देशभर फिरण्याचा परवाना असतो; काहींजवळ फक्त आपल्या राज्यापुरता असतो. अशा दुसऱ्या प्रकारच्या गाडीला माल घेऊन महाराष्ट्रात यायचे असेल, तर थोड्या दिवसांचा तात्पुरता परवाना लागतो, आणि त्यावर गाडीचा क्रमांक, माल, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. सिल्वासाकडून नाशिकला जायला जव्हार, मोखाडा, त्र्यंबक हा रस्ता जवळचा पडतो. घाट अवघड, वळणे वाईट, पण डिझेल वाचते. त्यामुळे अशा गाड्या जव्हारला थांबत, आणि थांबल्या की स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसलेल्या काकांकडे येत.

चालकाने गाडीतून खाली उडी मारली की काकांचा पहिला शब्द ठरलेला असे. "मुदत?"

नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. आधी मुदत. कधी निघालात, कधी पोहोचणार, परत कधी. हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की त्यांचे मूळ नाव गावात फारसे कोणी वापरत नसे. काका मूळचे खानदेशातले. कुठल्याशा तपासणी नाक्यावर कारकुनी करून ते जव्हारला आले होते आणि "मी इथे तात्पुरता आहे" असे सांगत सांगत इथेच म्हातारे झाले. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी भाड्याने राहत असे. माझी शाळा मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर होती. आठवडाभर मी तिकडे असे आणि शनिवारी जव्हारला येई. त्यामुळे काकांचा सहवास मला आठवड्यातून दीड दिवस मिळे. तेवढा पुरे होई.

मुदतीचा प्रश्न ते गाड्यांपुरता ठेवत नसत. आमच्या एका सहशिक्षकाच्या लग्नात अक्षता पडल्यावर काका नवरदेवाच्या आईजवळ गेले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुदत किती?" त्या माउलीचा चेहरा पांढरा पडला. काका घाईने म्हणाले, "जेवणाची हो, जेवणाची. पंगत कितीपर्यंत चालणार?"

भांडणालाही ते मुदत घालत. एकदा ते माझ्याशीच भांडले, किंवा अधिक अचूक सांगायचे तर मी त्यांच्याशी भांडलो. कारण होते लुंग्या. एका मार्बलच्या ट्रकची मुदत जव्हारमध्येच संपली. नवा परवाना येईपर्यंत काकांनी चालकाला आणि क्लीनरला पुढे जाऊ दिले नाही. चालक राजस्थानचा, वयाने मोठा, मिशीला पीळ. तो काकांना म्हणाला, "चाचा, एक दिन बढ़ा के लिख दो ना. किसको पता चलेगा?"

"कहाँ से लाऊँ एक दिन?" काका म्हणाले. "मेरे पास दिन रखे हैं क्या?"

मग त्या दोघांना त्यांनी घरी नेले, आंघोळीला पाणी तापवून दिले आणि काकूंच्या हातची भाकरी-पिठले वाढले. त्यांचे कपडे वाळत पडले ते नेमके माझ्या खिडकीवरच्या दोरीवर. मी रागावलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आपलं भांडण बुधवारपर्यंत." मी पाड्यावर निघून गेलो, बुधवार विसरलो आणि शनिवारी घुश्शातच परत आलो. काका चहा घेऊन दारात. मी म्हणालो, "माझा राग अजून गेलेला नाही."

"पण तुम्ही मुदतवाढ मागितली नव्हती, गुरुजी," ते म्हणाले आणि कप माझ्या हातात दिला.

तो राजस्थानी चालक पुढे दर फेरीला त्यांच्यासाठी सुकवलेल्या केर-सांगरीची पिशवी आणत असे. काकूंना ती भाजी कशी करायची ते कधीच नीट कळले नाही. काका मात्र ती चवीने खात. एकदा मी त्यांना विचारले, "त्या माणसाला अडकवून ठेवण्यात काय मिळालं तुम्हाला?" ते म्हणाले, "मी अडकवलं नाही. मी उभं केलं. उभ्या गाडीला परवाना लागत नाही. उभ्या माणसाला मात्र जेवण लागतं." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. गाडीच्या सांगाड्यावर, लोखंडात ठोकलेला चासी नंबर असतो. पूर्वी त्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासत आणि उमटलेला ठसा कागदपत्रांना जोडत. काका त्यासाठी स्वतः गाडीखाली शिरत. पँटचे गुडघे इतक्यांदा काळे होत की काकूंनी अखेर गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवून दिले, आणि ती पँट घालून काका लग्नालाही जात. पुढे सगळे काम संगणकावर आले. परवाना घरबसल्या निघू लागला. काका तेही शिकले; चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने. पण गाडीखाली शिरणे त्यांनी सोडले नाही. ठसा कोणी मागत नव्हते तरी ते काढत.

"आता कशाला, काका?" झेरॉक्सवाला विचारी.

"संगणकाला गाडी दिसत नाही," गाडीखालून आवाज येई. "कुणी तरी बघायला हवी."

ज्या दिवशी एखाद्या गाडीची मुदत संपत असे, त्या दिवशी सकाळी काका तिच्या चालकाला फोन करत. ती गाडी कुठेही असो, "आज निघायचं" एवढेच सांगत. बोअरच्या गाडीची गोष्ट या सवयीतून सुरू होते.

आमच्या पाड्यावर होळीनंतर पाणी तुटत असे. विहीर दरीत होती. बायका आणि मोठ्या मुली दोन दोन हंडे घेऊन चढत, त्यामुळे चैत्रात माझ्या वर्गात मुलांची संख्या बरी असे आणि मुलींच्या जागा रिकाम्या असत. पाड्यावर आधी दोनदा बोअर मारून झाले होते. दोन्ही कोरडे गेले. त्या वर्षी तिसऱ्यांदा मंजुरी मिळाली आणि शाळेमागे राहणाऱ्या लखमीबाईंनी आपल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेताचा कोपरा त्यासाठी दिला. बोअर मारायला आलेली गाडी तमिळनाडूची होती. चालक आणि यंत्रचालक एकच, सेल्वम नावाचा, सदा दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला माणूस. पाइपांची दुसरी गाडी महाराष्ट्रातलीच होती, तिचा प्रश्न नव्हता. यंत्र बसवलेल्या गाडीचा तात्पुरता परवाना काकांनी काढून दिला होता. अशा गाडीला तो लागतो की नुसता कर भरून भागते, यावरही लोक वाद घालत. काका म्हणत, "लागतो की नाही हे कार्यालय ठरवील. काढला आहे, तर पाळायचा."

तिची मुदत संपायच्या दिवशी काकांचा फोन लागला नाही, कारण पाड्यावर रेंज नव्हती. म्हणून दुपारच्या जीपने काका स्वतः आले. उन्हाची छत्री टेकत ते शाळेच्या पायरीशी उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हिची मुदत आज संपते."

आम्ही शेतात गेलो. यंत्र धडधडत होते, पण भोकातून वर उडत होती ती कोरडी भुकटीच. सेल्वमने यंत्र थांबवले. काकांनी सांगितले ते ऐकून त्याने मूठभर भुकटी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सार, देखो. कल सफेद आता था. आज काला. थोड़ा और जाएगा तो पानी है, सार."

काकांनी ती भुकटी बोटांनी चोळून पाहिली. एवढ्यात लखमीबाई पुढे आल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्यालाही अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो.

"काका, तू ही गाडी नेशील?"

"मी नाही नेत, बाई. मुदत संपते तिची."

"कोन ही मुदत? बोलव तिला हिकडं. मी बोलतंय तिच्यासंगं."

लोक हसले. लखमीबाई हसल्या नाहीत. "आज गाडी गेली तं परत कवा येल? पाऊस पडला का ह्या चिखलात बैल चढत नाय, गाडी कशी चढल? मंग पुढल्या सालाला. तवर तुजा कागुद पानी पाजील का आमाला?"

काका म्हणाले, "मुदत वाढवून घेऊ." आणि आम्ही रेंजच्या दगडाकडे निघालो.

रेंजचा दगड म्हणजे शाळेच्या वरच्या टेकडीवरचा एक काळा कातळ. पाड्यावरून कोणालाही फोन करायचा तर त्या कातळावर उभे राहावे लागे, तेही पूर्वेकडे तोंड करून. काकांनी छत्री सेल्वमकडे दिली आणि मोबाइलवर अर्ज भरला. अर्ज पुढे जाण्यासाठी गाडीमालकाच्या मोबाइलवर काही आकडे येतात आणि ते आपण इकडे भरायचे असतात. मालक तमिळनाडूत, आणि त्या दिवशी एका लग्नात. फोनमधून सनई-ढोलासारखा मोठा गजर ऐकू येत होता. सेल्वम तमिळमध्ये ओरडत होता, मालक तिकडून ओरडत होता, काका "आकडे, आकडे" म्हणत होते. मालकाला चष्मा सापडेपर्यंत पहिले आकडे बाद झाले. दुसऱ्या वेळी आकडे नीट आले, तेवढ्यात रेंज गेली. पुढचे सगळे प्रयत्न असेच गेले, आणि शेवटी पडद्यावर ओळ आली की आज आणखी प्रयत्न करता येणार नाही, उद्या करा.

काका कातळावर खाली बसले.

"गुरुजी, या आकड्यांना कुणी मुदत वाढवून देत नाही का?"

"नाही, काका. ते यंत्र आहे."

"दोन शब्द ऐकून घ्यायलाही पलीकडे कुणी नाही," ते म्हणाले. इतकी वर्षे लोकांना 'दिन कहाँ से लाऊँ' म्हणणारा हा माणूस पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. पण त्या टेबलावर भाकरी-पिठले विचारणारे कोणी नव्हते.

सेल्वम हळूच म्हणाला, "सार, इधर कौन देखता है? मैं कल पानी निकाल के जाएगा."

"मी बघतोय ना," काका म्हणाले आणि उठले.

खाली आल्यावर ते गाडीभोवती फिरले, चामड्याच्या गुडघ्यांवर बसले आणि गाडीखाली पाहिले. बोअर मारताना यंत्राची गाडी लोखंडी जॅकांवर उचललेली असते. चाके जमिनीपासून थोडी वर राहतात. काका तिथूनच म्हणाले, "पुढची दोन चाकं काढ."

"क्या?"

"आगे का दो पहिया निकाल."

"पहिया निकालेगा तो गाडी भागेगा कैसे, सार?"

"वही तो!" काका बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "परवाना चालणाऱ्या गाडीला लागतो. पुढची चाकं नाहीत, मागची हवेत. जमिनीला चाक लागत नाही तोवर ही गाडी नाही, यंत्र आहे. उभ्या गाडीला परवाना लागत नाही. ही तर उभीसुद्धा नाही, टांगलेली आहे."

मला राहवले नाही. "काका, कायद्यात असं कुठे आहे?"

"गुरुजी, कायद्यात काय आहे ते मला पाठ आहे. कायद्यात काय नाही ते तुम्ही मला शिकवू नका."

पुढे मी जाणकारांना हा मुद्दा विचारला. प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. तेव्हा वाचकांनी हा दाखला म्हणून कुठे वापरू नये.

चाके निघाली. पाड्यावरच्या माणसांनी ती लोटत, हाका मारत शाळेत आणली आणि फळ्याखाली आडवी ठेवली. काकांनी वर्गाला कुलूप लावायला लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. परतीची जीप निघून गेली. काका तिच्याकडे गेलेच नाहीत. "मी या चाकांचा जामीन. जामीन कुठं निघून जातो का?" असे म्हणून ते शाळेतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा भरली. मी ठरल्याप्रमाणे भागाकार शिकवणार होतो, पण इतकी सुंदर दोन वर्तुळे समोर असताना भागाकार शिकवणे बरोबर वाटले नाही. मुलांनी सुतळीने चाकांचा परीघ मोजायला घेतला. काका एका चाकावर बसले होते आणि मुलांना दर वेळी पाय उचलून वाट देत होते. तेवढ्यात यंत्राचा आवाज बदलला. आधी खडखडत होता, तो एकदम भरल्यासारखा झाला. मुले माझ्या परवानगीची वाट न बघता धावली. काकाही धावले. मीही.

भोकातून राखाडी चिखलाचा फवारा वर उडत होता. पोरे त्यात नाचत होती. बायका हंडे आणायला धावत होत्या, पाणी अजून पिण्याजोगे नव्हते तरी. लखमीबाई फक्त उभ्या होत्या. ओंजळीत तो गढूळ चिखल घेऊन त्यांनी जीभ लावली आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "गोड हाय."

त्या वेळी काका गाडीच्या मागच्या बाजूला होते आणि मी त्यांच्या शेजारी. वर आलेला चिखल गाडीखाली पसरला होता. ओल्या मातीत मागचा एक जॅक हळूहळू खचला. गाडी किंचित कलली, आणि मागचे चाक जमिनीवर टेकले. नुसते टेकले नाही, चिखलात रुतले.

सेल्वमनेही ते पाहिले. त्याचा हात यंत्राच्या दांड्यावर होता. पाणी लागल्यावर यंत्र तसेच चालू ठेवून भोक धुऊन काढावे लागते. मध्येच थांबले तर भोक आतून ढासळू शकते. त्याने काकांकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "सार?"

काकांनी चाकाकडे पाहिले. नंतर ते पाठमोरे झाले आणि समोरच्या डोंगराकडे छत्रीचे टोक करून मला म्हणाले, "गुरुजी, तो डोंगर कोणता हो?"

इतकी वर्षे या बाजूला येणारा माणूस तो डोंगर ओळखत नसेल, हे शक्य नव्हते. मी म्हणालो, "तो उतवड, काका." आणि गप्प राहिलो नाही. उतवड किती उंच दिसतो, पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग कसे अडकतात, पलीकडे त्र्यंबकची बाजू कशी येते, या डोंगररांगेत पाण्याची वाट कशी वळते, मला भूगोलाचे जे जे येत होते ते ते मी सावकाश, मुद्देसूद सांगितले. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. त्यांची पाठ गाडीकडे होती. आमच्या मागे यंत्र चालू होते आणि चिखलाचा राखाडी रंग हळूहळू निवळत होता.

माझा भूगोल संपला तेव्हा पाणी स्वच्छ येत होते. सेल्वमने यंत्र थांबवले, जॅकखाली दगड घातले आणि चाक पुन्हा हवेत उचलले. तेव्हा काका वळले.

दुपारी रेंजच्या दगडावर आकडे पहिल्याच प्रयत्नात बसले. नवा परवाना निघाला, चाके गाडीला लागली आणि ती आपल्या नव्या मुदतीत निघून गेली. लखमीबाईंनी तांब्याभर पाणी काकांपुढे धरले. काका प्यायले आणि सवयीने बोलून गेले, "मुदत किती?"

"तूच ये दर सालाला बघाया," लखमीबाई म्हणाल्या.

ते खरेच येत. दर मे महिन्याच्या अखेरीस, विहिरी तळाला जातात तेव्हा, जीपने येऊन त्या बोअरवर बसवलेला हापसा मारत, ओंजळभर पाणी पीत, "चालू आहे" म्हणत आणि परत जात. काका गेले त्याला आता काही वर्षे झाली. स्टँडसमोर त्यांच्या टेबलाच्या जागी मोबाइलची कव्हरे विकतात, आणि चालक आपले परवाने आपल्याच फोनवर काढतात. आता मे अखेरीस मी जातो. लखमीबाई थकल्या आहेत, पण हापशाचा आवाज ऐकून दारात येतात आणि विचारतात, "हाय का अजून मुदत?"

तर माझे उत्तर असे. हो, मुदतकाकांनी मुदत मोडली. मला उतवडविषयी जितका वेळ बोलता आले, तितका वेळ. दुसऱ्या तटाला हे पटणार नाही, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते मानावे असेही मी म्हणत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खोडाळ्याहून जीपने त्या पाड्यावर जावे. हापसा शाळेच्या मागे, नागलीच्या शेताच्या कोपऱ्यात आहे. पहिले काही हात रिकामे जातील; थांबू नये. पाणी येते का, ते प्रत्येकाने स्वतः पाहावे, ही विनंती.